डॉक्टरांनी व्हिडिओ पाठवलाय, बघितला, आता पुढे?

ह्या वेळच्या पत्रांत आणि मेलमधे एक गोष्ट परत परत दिसली. दवाखान्यातून आता तोंडी सांगण्याबरोबर फोनवर व्हिडिओ पण येतो, गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा, इंजेक्शनचा, तपासणीचा, आणि तो बघून कुणाला धीर येतो तर कुणाची झोपच उडते. म्हणून हा अख्खा कॉलम त्यावरच घेतलाय. मी बायकांच्या ओपीडीत समुपदेशनाचं काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या रिपोर्टवर सल्ला देणार नाही, पण व्हिडिओ बघून आलेल्या बायकांशी रोज बोलणं होतं त्यामुळे तो कुठे कामाला येतो आणि कुठे नाही हे नक्की सांगू शकते.

प्रश्न : माझं वय ४१. दोन वर्षं झाली पाळीत खूप अंगावरून जातं, सोनोग्राफीत गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाकू. सिस्टरनी मिस्टरांच्या फोनवर व्हिडिओ पाठवला आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म पुढे केला, म्हणाल्या व्हिडिओ बघितलाय ना मग सगळं कळलंच असेल, करा सही. मला बरंच विचारायचं होतं पण मग वाटलं आता काय विचारायचं, आपल्यालाच कळलं नाही असं दिसेल. सही केलेली नाही अजून. माझं चुकतंय का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, अजिबात चुकत नाहीये. सही थांबवलीत ते फार बरं केलंत.

बघा, तो व्हिडिओ तुमच्यावर बनवलेला नाही, तो कुठल्याही बाईसाठी आहे. पिशवी कुठून काढतात, पोटावर टाका येतो की दुर्बिणीतून होतं की खालून, दवाखान्यात किती दिवस, जड कधीपासून उचलायचं, हे सगळं व्हिडिओ छान सांगतो आणि मी तर म्हणते सांगायलाच पाहिजे कारण घाईच्या ओपीडीत हे कुणी नीट सांगत नाही. पण तुमची गाठ केवढी आहे, कुठे आहे, तुमचं हिमोग्लोबिन किती, गोळ्या देऊन बघितल्या का, हे त्या व्हिडिओला कसं कळणार? आणि निर्णय तर ह्याच गोष्टींवर होतो.

कायद्याचं पण सांगते. २००८ मधे सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, दिल्लीतल्या केसमधे. ४४ वर्षांच्या अविवाहित बाई, दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून भूल दिली होती, आणि त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि दोन्ही बीजकोष काढून टाकले. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही, आणि पेशंट सज्ञान असेल, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर संमती तिचीच लागते, आईची चालत नाही. आणि संमती घ्यायच्या आधी काय करणार, कशासाठी, दुसरे उपाय कोणते, धोके काय, हे तिला सांगायला पाहिजे. तुमच्या केसमधे व्हिडिओ आला मिस्टरांच्या फोनवर आणि सही मागितली तुमच्याकडे, म्हणजे माहिती एकाला आणि संमती दुसरीची. हे असं नको. सिस्टरना सांगा व्हिडिओ माझ्या नंबरवर पाठवा, आणि नसेल तुमच्याकडे स्वतःचा फोन तर ओपीडीतच बसून बघते म्हणा.

आता तोच व्हिडिओ परत एकदा लावा आणि एकच गोष्ट शोधा, पिशवी न काढता काय करता येतं हे त्यात कुठे सांगितलंय का? जास्त रक्त जाण्यावर ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असतं जे दिसायला कॉपर टी सारखं असतं आणि काही वर्षं काम करतं, नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते, काही ठिकाणी गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा उपाय पण होतो. सगळे सगळ्यांना चालत नाहीत, तुम्हाला कदाचित पिशवी काढणं हाच बरोबर मार्ग असेल, पण ह्यांचं नावच व्हिडिओत नसेल तर ती माहिती अर्धी आहे आणि उरलेली अर्धी डॉक्टरांच्या तोंडून यायला पाहिजे. दुसरं म्हणजे बीजकोष. पिशवी काढली की पाळी थांबते, पण बीजकोष ठेवले तर हार्मोन बनत राहतात. ४१ व्या वर्षी तेही काढले तर पाळी जायचा काळ एकदम एका दिवसात अंगावर येतो, गरम वाफा, झोप नाही, पुढे हाडं ठिसूळ. कित्येक बायकांना आपले बीजकोष आहेत की काढलेत हेच माहीत नसतं, डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात आणि आम्हाला विचारतात, इतकं वाईट वाटतं ते बघून.

आपल्या मराठवाड्यात हा विषय किती गंभीर आहे ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. २०१९ मधे बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३,८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण साधारण ३ टक्के आहे, आता तुम्हीच बघा फरक. त्यानंतर २०२२ मधे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने गरज नसताना पिशवी काढणं रोखायला नियमावली काढली आणि २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना ती लागू करायला सांगितली. म्हणजे तुम्ही प्रश्न विचारताय तो काही नखरा नाही, सरकार आणि कोर्ट दोघंही तेच म्हणतायत.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा सरळ म्हणा, "डॉक्टर, व्हिडिओ बघितला, चांगला आहे, आता माझ्या केसमधे त्यापेक्षा वेगळं काय आहे ते सांगा." चांगले डॉक्टर ह्या वाक्यावर खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतात, मी बघितलंय. उत्तर मिळालं नाही तर रिपोर्ट घ्या आणि मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दुसरं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. फक्त एक, रक्त इतकं जात असेल की तासाला पॅड भिजतंय, चक्कर येतेय, तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा, प्रश्न नंतर.

प्रश्न : पॅप टेस्टमधे काहीतरी बदल आलेत म्हणून कोल्पोस्कोपी सांगितलीये पुढच्या आठवड्यात. यूट्यूबवर बघायला गेले आणि नको ते बघून बसले, आता जायचीच भीती वाटतेय. कॅन्सर असेल का?
— वय ३५, नाशिक

उत्तर : आधी तो फोन बाजूला ठेवा बघू. तुम्ही जे बघितलं ते बहुतेक डॉक्टरांना शिकवायचे व्हिडिओ असणार, त्यात आतलं सगळं क्लोजअपमधे दाखवतात, ते पेशंटसाठी नसतातच. एक सर्च केला की ॲप पुढचे दहा तसलेच दाखवत राहतं आणि रात्रीचे दोन वाजतात.

पॅप म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, त्यात बदल म्हणजे कॅन्सर असं नाही. बऱ्याच वेळा तो एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे असतो आणि बहुतेक जणींच्या शरीरातून तो एक दोन वर्षांत आपोआप जातो. कोल्पोस्कोपी हे ऑपरेशन पण नाही. पॅपच्या वेळी जसं साधन घालून बघितलं तसंच घालतात, आणि भिंग असलेलं मशीन बाहेरच राहतं, आत जात नाही. पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरच, थोडं झोंबतं, जिथे बदल असेल तो भाग पांढरा दिसतो. कधी आयोडिन लावतात. शंका आली तर बारीकसा तुकडा घेतात तेव्हा चिमटा बसल्यासारखं होतं. दहा ते वीस मिनिटं लागतात आणि तुम्ही चालत घरी येता. तुकडा घेतला तर दोन चार दिवस थोडं रक्त, आणि रक्त थांबायला औषध लावलं असेल तर कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट जाऊ शकतं, हे आधी सांगितलेलं नसलं की बायका फार घाबरतात म्हणून मुद्दाम लिहिलं. जास्त रक्त, ताप, घाण वास असेल तर मात्र फोन करायचा.

ह्यावर अभ्यास पण झालाय. कोल्पोस्कोपीच्या भीतीवर काय उपाय चालतात ह्याचा आढावा कॉक्रेन ह्या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने २०११ मधे घेतला होता, त्यात दिसलं की माहितीपत्रक वाचून बायकांना कळतं जास्त पण भीती काही त्याने कमी होत नाही, आणि तपासणी चालू असताना गाणी लावली तर भीती खरंच कमी होते. मला हे फार पटतं, माहिती मिळाली म्हणजे भीती गेली असं आपण धरून चालतो आणि पेशंटलाच म्हणतो सगळं सांगितलं तरी घाबरताय कसल्या. तर तुमच्या दवाखान्याने दिलेला असेल तर तो एक व्हिडिओ एकदा बघा, बास. इयरफोन आणि आवडीची गाणी घेऊन जा, आधी विचारून घ्या लावू का म्हणून. आणि डॉक्टरांशी ठरवून ठेवा, हात वर केला की थांबायचं.

प्रश्न : आमची आयव्हीएफची ट्रीटमेंट सुरू होतेय. इंजेक्शनं घरी घ्यायची आहेत, सेंटर लांब आहे, रोज जाणं शक्य नाही. सिस्टरनी एकदा दाखवलं, सेंटरचा व्हिडिओ पण आहे, पण त्यात पेन आहे आणि मला पावडरची बाटली दिलीये. यूट्यूबवर अजून वेगळं. हात थरथरतो हो. काय करू?
— वय ३२, बदलापूर

उत्तर : हात थरथरणारच, पहिल्या दिवशी सगळ्यांचा थरथरतो. तिसऱ्या चौथ्या दिवशी बायका भाजी चिरता चिरता मधेच जाऊन इंजेक्शन घेऊन येतात, खरंच.

हा प्रकार असा आहे की इथे व्हिडिओला तोड नाही. हाताने करायची गोष्ट वाचून येत नाही, बघून येते. पण व्हिडिओ तुमच्याच औषधाचा पाहिजे. पेनमधे औषध तयार असतं, फक्त डोस फिरवून लावायचा. पावडरच्या बाटलीत आधी पाणी घालून विरघळवायचं असतं, आणि ते हलक्या हाताने गोल फिरवायचं, जोरात हलवायचं नाही, फेस येतो. पेनच्या व्हिडिओत ही पायरीच नाही म्हणून तुम्ही गोंधळलात, तुमचं काही चुकलं नाही.

सगळ्यात चांगलं काय, तर पुढच्या वेळी जाल तेव्हा तुमची स्वतःची औषधं घेऊन जा आणि सिस्टरना विचारून तुमच्याच फोनवर शूट करा. चेहरा नको, फक्त हात आणि बाटली. आधी त्या करतील ते शूट करा आणि मग तुम्ही त्यांच्या समोर करा, तेही मिस्टरांना शूट करायला सांगा, सिस्टर जिथे टोकतील ते रेकॉर्ड होऊ द्या कारण घरी नेमकं तिथेच अडतं. हात धुणं, बाटलीवरचं नाव आणि एक्स्पायरी मोठ्याने वाचणं, बेंबीपासून दोन बोटं लांब खालच्या बाजूला जागा घेणं, चरबीची घडी चिमटीत धरणं, सुई किती तिरकी किंवा सरळ, औषध गेल्यावर किती वेळ थांबून सुई काढायची, सगळं त्या व्हिडिओत आलं पाहिजे. रोज बाजू बदलायची, आज डावी उद्या उजवी. वापरलेली सुई कचऱ्यात टाकायची नाही, जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून सेंटरला परत द्यायची, आपला कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला ती लागते.

दोन गोष्टी मात्र व्हिडिओवरून कधीच ठरवायच्या नाहीत. एक डोस, कारण सोनोग्राफी आणि रक्ताच्या रिपोर्टप्रमाणे तो मधेच बदलतो, व्हिडिओत सोमवारचा डोस आहे आणि आज शुक्रवार आहे, तर डोस नेहमी त्या दिवशीच्या कागदावरून किंवा मेसेजवरून. दुसरं ट्रिगर इंजेक्शनची, म्हणजे बीजं काढायच्या आधी घ्यायच्या शेवटच्या इंजेक्शनची, वेळ. ते घेतल्यावर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात, त्यामुळे रात्री साडेनऊ सांगितलं तर साडेनऊच, दोन दोन अलार्म लावा, आणि काही कारणाने वेळ चुकली तर लपवू नका, लगेच सेंटरला फोन, कितीही वाजले असले तरी. पाकिटावर २ ते ८ डिग्री लिहिलं असेल तर फ्रिजमधे ठेवायचं, फ्रीझरमधे नाही, लाईट जास्त जात असेल तुमच्याकडे तर सेंटरला आधीच विचारून ठेवा काय करायचं ते.

पोट टम्म फुगलंय, वजन एकदम वाढलं, श्वास लागतोय, लघवी कमी होतेय, उलट्या थांबत नाहीत, ह्यातलं काहीही झालं तर व्हिडिओ शोधत बसू नका, फोन करा आणि जा.

प्रश्न : आईला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला, लाईट (रेडिएशन) आणि केमो दोन्ही पूर्ण झाले, देवाच्या कृपेने रिपोर्ट चांगले आहेत. शेवटच्या भेटीत सिस्टरनी तिला एक प्लास्टिकचं साधन दिलं, डायलेटर म्हणाल्या, आणि एक कागद. आईला वाचता येत नाही. मी विचारलं तर म्हणाली ठेव ते कपाटात, मला ह्या वयात असलं काही नको, तुझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. कागद मी वाचला पण तिला वाचून दाखवायला मला पण जमेना. ह्याचा काही व्हिडिओ असतो का, आणि तिला खरंच गरज आहे का?
— एक मुलगी, बार्शी

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ थांबले. जमेना असं लिहिलंत ते अगदी साहजिक आहे, आई आणि मुलगी हे बोलतच नाहीत आपल्याकडे.

आधी गरजेचं सांगते. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमधे बाहेरून लाईट देतात साधारण पाच आठवडे आणि मग आतून देतात, त्याने कॅन्सर मरतो पण योनीमार्गाची कातडी पण सुकते, आकसते, आणि भिंती एकमेकींना चिकटायला लागतात. डायलेटर वापरून तो मार्ग मोकळा ठेवायचा असतो. बऱ्याच बायकांना वाटतं हे नवऱ्याबरोबरच्या संबंधांसाठीच आहे आणि म्हणून विधवा बायका, वयस्कर बायका ते कपाटात टाकतात. पण आईची पुढची कित्येक वर्षं तपासणी होणार आहे, डॉक्टरांना आत बघायचंय कॅन्सर परत आलाय का ते, आणि मार्ग बंद झाला तर बघता येत नाही, प्रत्येक तपासणीला जीव जाईल इतकं दुखतं. हे कारण आईला कुणी सांगितलंच नसेल तर ती नको म्हणणारच. तुम्ही फक्त एवढंच वाक्य सांगा, "आई हे तपासणीसाठी आहे, डॉक्टरला नीट दिसावं म्हणून," बाकी तुम्हाला काही बोलायची गरज नाही.

बाकीचं व्हिडिओवर सोडा, आणि इथे तो फार मोठं काम करतो कारण त्याच्यासमोर लाजावं लागत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरना किंवा सोशल वर्करना विचारा मराठीत चित्रांचा व्हिडिओ आहे का. चित्रांचाच मागा, खऱ्या शरीराचा नको, आई पहिल्याच सेकंदाला फोन उलटा ठेवेल. नसेल तर सिस्टरना म्हणा की चित्र पुढे ठेवून तुम्हीच समजावून सांगा आणि आवाज रेकॉर्ड करू द्या, ऑडिओ पण चालतो. मग दुपारी घरात कुणी नसताना फोन द्या, कसा थांबवायचा, मागे कसा घ्यायचा हे दाखवा, इयरफोन लावून द्या आणि तुम्ही खोलीतून बाहेर जा. परत आल्यावर विचारू नका कळलं का म्हणून. घरातला फोन नातवंडांच्या हातात पण असतो ना, मग व्हिडिओ गॅलरीत सोडू नका, वेगळ्या फोल्डरमधे ठेवा, मुलांनी लावला आणि घरात हसाहशी झाली तर आई ते साधन परत हातात धरणार नाही.

व्हिडिओत काय सांगितलेलं असायला पाहिजे ते लिहिते म्हणजे तुम्हाला चांगला वाईट ओळखता येईल. कधी सुरू करायचं, साधारण ट्रीटमेंट संपल्यावर २ ते ८ आठवड्यांनी, पण नक्की तारीख आईच्या डॉक्टरांनीच सांगायची. पाण्यात विरघळणारी जेली लावायची, तेल व्हॅसलिन नाही. पाठीवर झोपून गुडघे वाकवून, श्वास सोडत हळूहळू, जोर अजिबात नाही, आठवड्यातून दोन तीनदा, काही मिनिटं. नंतर साबणाने धुवून कोरडं करून ठेवायचं. सुरुवातीला थोडा लालसर डाग चालतो, पण भळभळ रक्त किंवा खूप दुखलं तर थांबून दवाखान्यात दाखवायचं. आणि काही दवाखान्यांत सिस्टर पहिल्यांदा स्वतः समोर बसून करून घेतात, आई तयार असेल तर तशी वेळ मागा, बाईजवळ बाई असली की जमतं.

एक अजून. आई नुसती लाजत नसेल, तिला आता कुणी तिथे हात लावावा असंच वाटत नसेल. इतकी महिने टेबलावर झोपवून कोण कोण तपासून गेलं असेल. तिने सांगितलं तर ऐकून घ्या, नाही सांगितलं तरी घाई करू नका, फक्त पुढच्या भेटीत डॉक्टरांना कळवा की अजून सुरू केलेलं नाही, म्हणजे ते त्या हिशोबाने तपासतील.

प्रश्न : बायकोचं गाठीचं ऑपरेशन आहे. दवाखान्याने तिला व्हिडिओ पाठवलाय, मी पण बघावा का? तिला विचारायला संकोच वाटतोय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिला विचारा आणि हो म्हणाली तर नक्की बघा. विशेषतः घरी आल्यानंतरचा भाग दोनदा बघा, कारण जड उचलायचं नाही, टाके कोरडे ठेवायचे, पायाची पोटरी सुजली दुखली किंवा धाप लागली तर लगेच न्यायचं, हे लक्षात ठेवायचं काम त्या दिवसांत तुमचं आहे. पाण्याची घागर आणि गॅसचं सिलेंडर कोण उचलणार हे आत्ताच ठरवा.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. आमच्या ओपीडीत टीव्ही आहे, त्यावर कुणीतरी दिलेले आरोग्याचे व्हिडिओ दिवसभर चालू असतात आणि कुणीही बघत नाही. आम्ही दोघी तिघी मिळून बायकांसाठी स्वतःचे छोटे व्हिडिओ बनवायचं म्हणतोय, अंगावर पांढरं जाणं, अंग बाहेर येतं त्यासाठी बसवायची रिंग, तपासणीला कसं यायचं वगैरे. कुठून सुरुवात करू?
— एक सिस्टर, नंदुरबार जिल्हा

उत्तर : सिस्टर, तुमच्यासारख्यांनीच हे करायला पाहिजे, बाहेरून कुणी येऊन करणार नाही.

तो टीव्ही कुणी बघत नाही कारण तो कुणाशी बोलतच नाही. आपल्याच देशात एक चांगलं उदाहरण आहे, डिजिटल ग्रीन नावाचं काम २००६ च्या सुमारास बंगळुरूत सुरू झालं, शेतकऱ्यांसाठी. गावातल्याच माणसांनी गावच्या भाषेत छोटे व्हिडिओ काढायचे आणि बॅटरीवरच्या छोट्या प्रोजेक्टरवर गटाला दाखवायचे, पण नुसते लावून द्यायचे नाहीत, एक बाई किंवा माणूस मधे मधे थांबवून विचारणार, कळलं का, तुमच्याकडे कसं करता. पुढे ओडिशात हीच पद्धत बायकांच्या गटांत आहारासाठी वापरली. ते थांबवून विचारणं हेच खरं त्यातलं औषध आहे असं माझं मत आहे. तेव्हा टीव्हीवर लूप नको, पाच सात बायका बाकावर बसवा, तीन मिनिटं दाखवा, थांबवा आणि बोला.

आणि बोलणारी बाई कोण ह्याला फार महत्त्व आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून साधारण दीड लाख बायकांचा मोठा अभ्यास केला, त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडूनच पिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावून बघायची तपासणी करून घेतली, घरोघरी माहिती देऊन, आणि पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. भारी मशीन नव्हतं काही, ओळखीची बाई होती. तुमच्याकडे भिली आहे, पावरी आहे, अहिराणी आहे, मग आशाताईला कॅमेऱ्यासमोर बसवा आणि तिला तिच्या भाषेत बोलू द्या, शुद्ध मराठी पाठ करायला लावू नका.

एका व्हिडिओत एकच गोष्ट. रिंगचा असेल तर फक्त रिंग, ती हातात घेऊन वाकवून दाखवा, आकार दिसू द्या, बायकांना वाटतं लोखंडाची असते. कधी काढून धुवायची, कधी दवाखान्यात यायचं, वास किंवा रक्त आलं तर काय, झालं संपलं. पांढरं जाण्याचा असेल तर कुठलं नेहमीचं आणि कुठलं दाखवायला यायचं एवढंच. लिहिलेल्या ओळी कमी, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच तर करताय. कुठल्याही खऱ्या पेशंटचा चेहरा, आवाज, केसपेपर येऊ देऊ नका, तिने तोंडी हो म्हटलं तरी, कारण व्हॉट्सॲपवर गेलेलं परत येत नाही आणि गाव छोटं असतं. वैद्यकीय माहिती तुमच्या मॅडम डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.

दाखवून झाल्यावर "समजलं ना" विचारू नका, सगळ्या माना डोलावतात. "घरी गेल्यावर सासूला काय सांगाल" असं विचारा, आणि ती जे सांगेल त्यात चुकलं असेल तर चूक व्हिडिओची आहे असं धरा, तो भाग परत काढा. तीन चार बायकांनी एकाच जागी अडखळलं की कळतंच कुठे बदलायचं. फाईल छोटी ठेवा म्हणजे रेंज नसली तरी ब्लूटूथने देता येईल.

शेवटी दवाखान्याचा नंबर, तो किती ते किती उचलला जातो ती वेळ, आणि व्हिडिओ कुठल्या महिन्यात काढला ते टाका. तो नंबर उचलायला नक्की कोण असणार हे मात्र शूटिंगच्या आधी ठरवून घ्या.